लिनक्स उशिरा सुरू होतंय? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

कॉलेजच्या लॅब सांभाळायच्या कामाला नवीन लागलेली मुलं 'सर, उबुंटू चालू व्हायला फार वेळ घेतंय' म्हणत येतात आणि पुढच्याच वाक्यात विचारतात, 'फॉरमॅट मारू का?' मी त्यांना आधी टर्मिनलमध्ये 'सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ' ही चालू व्हायचा वेळ मोजणारी कमांड चालवायला लावतो. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) किती सेकंद लागले, युजरस्पेसला (त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमना) किती, हे एका ओळीत समोर येतं. बऱ्याच मशिनींवर फर्मवेअरचा (लिनक्सच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचा) वेळही दिसतो. तिथेच वीस सेकंद जात असतील तर लिनक्सला शिव्या घालू नका, त्याच्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये शिरा.

त्याच कमांडला 'ब्लेम' जोडलं की सर्व्हिसची (पाठीमागे चालणाऱ्या प्रोग्रॅमची) यादी येते, जास्त वेळ खाणारी सगळ्यात वर. नवखे लोक हमखास वरचं नाव उचलतात आणि डिसेबल करून मोकळे होतात. पण सर्व्हिस एकमेकींच्या बरोबरीने चालू होत असतात. वरच्या नंबरवालीसाठी लॉगिन स्क्रीन खोळंबलेला असेलच असं नाही. कोण कुणामुळे अडलंय ते 'ब्लेम'च्या जागी 'क्रिटिकल-चेन' जोडलं की दिसतं.

आमच्या एका लॅबमधलं मशीन दीड मिनिट नुसतं लोगो दाखवत बसायचं. ब्लेममध्ये संशय घ्यावा असं काहीच नव्हतं. ग्रबच्या (लिनक्स चढवणाऱ्या बूटलोडरच्या) मेनूत 'ई' दाबून 'क्वाएट स्प्लॅश' हे संदेश लपवणारे दोन शब्द काढले, तेव्हा लाल चांदण्या पळवणारी ओळ दिसली: स्टार्ट जॉब चालू आहे, मर्यादा १ मिनिट ३० सेकंद. हा ९० सेकंदांचा आकडा डोक्यात ठेवा, सर्व्हिस चालू करणाऱ्या सिस्टिमडीची ती ठरलेली मुदत आहे. कुणीतरी स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायचा डिस्कचा भाग) नव्याने बनवलं होतं, त्यामुळे त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक बदलला, पण बूटच्या वेळी काय जोडायचं ते लिहिलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये जुनाच राहिला. नसलेल्या डिस्कची वाट पाहणं चाललं होतं! 'बीएलकेआयडी' कमांडने नवा यूयूआयडी काढून तिथे टाकला. डेबियन-उबुंटूवर इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या छोट्या तात्पुरत्या सिस्टिमच्या) 'रिझ्यूम' फाइलमध्येही तो जुना असू शकतो. मग तिथला खोळंबा कर्नलच्या खात्यात दिसतो. तो दुरुस्त करून 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवावं लागतं.

बाहेरची हार्डडिस्क एफएसटॅबमध्ये लिहिली असेल तर तिच्या ओळीत 'नोफेल' घाला, म्हणजे ती जोडलेली नसली तरी बूट अडत नाही. 'नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन' ही नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबून राहणारी सर्व्हिस घरच्या लॅपटॉपवर खुशाल बंद करा. लॅबमध्ये मुलांच्या होम डिरेक्टरी सर्व्हरवरून माउंट होत (जोडल्या जात) असतील तर मात्र तिला हात लावू नका.