निळी की हिरवी, हे आधी लिहून घ्या

गेल्या वेळी ऑप्टिकल फायबर जोडायला स्प्लायसिंग मशीन (काचेचे तंतू वितळवून जोडणारं), क्लीव्हर (तंतू सरळ कापणारं), ओटीडीआर (लाइनमधली घट तपासणारं) सगळं घेऊन साइटवर पोहोचलो आणि काम अडलं रंगापाशी. पॅनेलचे अडॅप्टर, म्हणजे कनेक्टर खुपसायची खोबणी, हिरवे; माझ्या बॅगेतल्या २४च्या २४ पिगटेल, म्हणजे एकाच टोकाला कनेक्टर असलेले फायबरचे तुकडे, निळ्या. मागणीत मी 'एससी, सिंगल-मोड' एवढंच लिहिलं होतं, पॉलिश, म्हणजे कनेक्टरचं टोक कसं घासलंय, ते लिहिलंच नव्हतं. अख्खा दिवस गेला. म्हणून सामान भरण्याआधी शब्द पक्के करा.

आधी फायबर. सिंगल-मोडचा कोअर, म्हणजे प्रकाश जातो तो मधला भाग, साधारण ९ मायक्रॉन, मल्टिमोडचा ५० किंवा ६२.५. कोअरभोवतीच्या काचेचा, म्हणजे क्लॅडिंगचा, बाहेरचा व्यास मात्र दोन्हींचा १२५च, त्यामुळे मशीन दोन्ही जोडून मोकळं होतं आणि प्रकाश सांध्यात गळतो. पिवळं आवरण बहुतेक सिंगल-मोडचं असतं, पण बहुतेकवर विसंबू नका, केबलवर छापलेलं वाचा. मग कनेक्टर: एससी मोठा चौकोनी, एलसी लहान. यात सहसा कोणी चुकत नाही.

आता पॉलिश. यूपीसी निळा, एपीसी हिरवा. यूपीसीचं टोक जवळजवळ सपाट, किंचित फुगीर. एपीसीचं ८ अंशांत तिरकं घासलेलं, म्हणजे परावर्तित प्रकाश कोअरमधून लेझरकडे परत न जाता क्लॅडिंगमध्ये निघून जातो. निळा एससी हिरव्या अडॅप्टरमध्ये खटकन बसतो, हाताला काहीच वेगळं लागत नाही. फसगत होते ती इथेच. आत दोन टोकं नीट टेकत नाहीत, मध्ये हवेची फट राहते, सिग्नल पडतो, शिवाय टोकं खराब होण्याची भीती. मी एक लावून पाहिली होती, मीटरवरचा आकडा बघून लगेच काढली. पिगटेल मागवताना पॉलिश लिहा. पॅच कॉर्डला, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या छोट्या केबलला, लिहा. अडॅप्टरला लिहा. ओटीडीआर आणि पॅनेल यांच्यामध्ये लावायच्या लाँच केबलला तर नक्कीच लिहा: यंत्राचं तोंड निळं आणि पॅनेल हिरवं असेल, तर एका टोकाला निळी, दुसऱ्या टोकाला हिरवी अशी केबल लागते.

केबल सोलल्यावर आत दिसणारे निळे-हिरवे फायबर वेगळी गोष्ट. तो रंग फायबरचा क्रमांक सांगतो, पॉलिशशी त्याचा काही संबंध नाही. क्रम केबलच्या तक्त्यावरून घ्या, पाठांतरावरून नको.

बॅगेत हेही हवं: आवरण सोलायचा स्ट्रिपर, केबलमधले केव्हलरचे मजबूत धागे कापायची कात्री, धागे न सोडणारे वाइप, आयसोप्रोपिल अल्कोहोल. सांध्यावर बसणारी संरक्षक नळी, म्हणजे स्लीव्ह, सांधा करण्याआधी ओवा, नंतर ती जात नाही. काचेचे तुकडे झाकणाच्या डबीत टाका. कातडीत घुसलेला तुकडा शोधून सापडत नाही. आणि १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा कनेक्टरमध्ये डोकावून 'बंद आहे' म्हणू नका, पॉवर मीटर लावा.

मोजताना डीबी म्हणजे घट, डीबीएम म्हणजे शक्ती, ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट. दोन्ही वेव्हलेंथ, दोन्ही टोकांकडून. लेबलं. फोटो. उघडी टोकं टोपीत.

निघण्याआधी बॅगेतून एक पिगटेल काढा, पॅनेलच्या फोटोशेजारी धरा आणि रंग बघा. मग एक पॅच कॉर्ड काढा, तिचाही बघा.