गृहीतक ओळखताना या चुका टाळा

‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो.’ हे न्यायदर्शनातले, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेतले, जुने उदाहरण. नैयायिक तेवढ्यावर थांबत नसत. ‘जेथे धूर, तेथे अग्नी’ ही व्याप्ती, म्हणजे दोहोंमधला कायमचा संबंध, ते उघडपणे मांडत. तर्कक्षमता चाचणीत प्रश्न काढणारा नेमकी अशीच एखादी पायरी गाळतो आणि ती आपल्याला शोधायला लावतो. ही न सांगितलेली पायरी म्हणजेच गृहीतक.

एक नमुना घेऊ.

‘गेल्या वर्षभरात ग्रंथालयाच्या सभासदांची संख्या दुप्पट झाली. म्हणजे लोकांची वाचनाची आवड वाढली आहे.’ यात कोणते गृहीतक आवश्यक आहे?

(अ) वाचनाची आवड असलेले सगळे जण ग्रंथालयाचे सभासद होतात.
(आ) वाचनाची आवड ही चांगली गोष्ट आहे.
(इ) नव्या सभासदांपैकी बहुतेक जण केवळ अभ्यासिकेत बसायला मिळावे म्हणून सभासद झाले, असे नाही.
(ई) आजच्या सभासदांपैकी किमान निम्मे वर्षापूर्वी सभासद नव्हते.

(आ) निवडणारे सहसा घाईत असतात. वाक्य पटले, की खूण केली. पण ते आपल्याला पटते का, हे कोणी विचारलेलेच नाही. बोलणाऱ्याचा निष्कर्ष त्यावाचून अडतो का, एवढेच पाहायचे. वाचनाची आवड वाईट मानली तरी ती वाढली की नाही, हा प्रश्न तसाच राहतो.

(ई) जास्त फसवा आहे, कारण तो खरा आहे. संख्या दुप्पट झाली असेल, तर जुने सभासद आताच्या निम्म्याहून जास्त असूच शकत नाहीत. पण हे दिलेल्या माहितीतूनच निघते. जे माहितीतून निघते ते अनुमान. गृहीतक माहिती आणि निष्कर्ष यांच्या मधल्या फटीत बसते. इथे फट कुठे आहे? माहितीत ‘सभासद’ आहेत, निष्कर्षात अचानक ‘आवड’ आली. निष्कर्षात नव्याने घुसलेला शब्द आधी अधोरेखित करावा. पर्याय नंतर वाचावेत. उलट क्रमाने गेलात, तर चारही पर्याय थोडेथोडे बरोबर वाटू लागतात.

(इ) अनेक जण पहिल्याच फेरीत खोडतात. ‘अभ्यासिकेचा तर कुठे उल्लेखच नाही!’ नसणारच. काही गृहीतके दोन शब्द जोडतात, तर काही निष्कर्षाला धोका ठरेल अशी शक्यता बाजूला सारतात. दुसऱ्या प्रकारात नवा विषय यावाच लागतो. त्यामुळे ‘विधानाबाहेरचे’ म्हणून पर्याय खोडण्याची सवय इथे महागात पडते.

मग ठरवायचे कसे? पर्याय उलटा करायचा. युक्तिवाद कोसळला तर ते गृहीतक आवश्यक. ही कसोटी बहुतेकांना ठाऊक असते. घोटाळा होतो तो उलटे करण्यात, आणि माझ्या मते सर्वाधिक चुका इथेच होतात.

‘सगळे जण सभासद होतात’ याच्या उलट काय? पटकन तोंडात येते, ‘कोणीच होत नाही.’ तसे धरले, तर सभासदवाढीचा आवडीशी संबंधच तुटतो, युक्तिवाद पडतो आणि आपण (अ) वर खूण करून मोकळे होतो. खरा नकार एवढाच, की काही जण सभासद होत नाहीत. वाचणारे काही जण घरीच वाचतात म्हणून निष्कर्ष ढासळत नाही. (अ) गेला.

यात आपली भाषाही थोडी दगा देते. ‘सगळे सभासद होत नाहीत’ या वाक्यातून ‘काही होत नाहीत’ आणि ‘एकही होत नाही’ असे दोन्ही अर्थ निघू शकतात. म्हणून क्रियापदाला नकार जोडू नका. पूर्ण वाक्य तसेच ठेवून शेवटी ‘असे नाही’ लावा. ‘सगळे सभासद होतात, असे नाही.’ आता घोळ उरत नाही. ‘काही’चा नकार मात्र ‘एकही नाही’ असाच होतो, हेही याच युक्तीने कळते.

(इ) मध्ये ‘असे नाही’ आधीच आहे, ते काढून टाका. बहुतेक नवे सभासद केवळ अभ्यासिकेसाठी आले असतील, तर वाढलेल्या आकड्यावरून वाचनाच्या आवडीबद्दल काहीच म्हणता येत नाही. उत्तर (इ).

दोन गोष्टी जाता जाता. प्रश्न ‘कोणते गृहीत धरल्यास निष्कर्ष नक्की सिद्ध होतो?’ असा असेल, तर ही कसोटी चालत नाही. तिथे पर्याय जोडून निष्कर्ष निघतोच का, हे पाहावे लागते. ‘सभासद वाढले की वाचनाची आवड नेहमीच वाढलेली असते’ यासारखे ठाम वाक्य तिथे बरोबर ठरू शकते. आवश्यक गृहीतकाच्या प्रश्नात मात्र ‘नेहमीच’, ‘केवळ’, ‘प्रत्येक’ हे शब्द दिसले, की एवढे टोकाचे खरोखर लागते का, हे तपासा. शब्द दिसताच पर्याय खोडू मात्र नका. आपल्या बरोबर उत्तरातही ‘केवळ’ होताच.