अलंकार ओळखला, पण पुढे काय? कवितेचं रसग्रहण करताना या चुका टाळा

"या कवितेत चेतनगुणोक्ती अलंकार आला आहे, त्यामुळे कवितेचे सौंदर्य वाढले आहे." हे वाक्य कुठल्याही कवितेखाली खपतं, आणि नेमकी तीच त्याची अडचण आहे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे दहावीचे रकाने भरले जातात, गुणही मिळतात. पण कविता वाचताना आपल्याला काय झालं आणि ते कुठल्या शब्दामुळे झालं, याचा उत्तरात पत्ता नसतो. ही सवय शाळा सुटल्यावरही सुटत नाही, म्हणून एकच कविता समोर ठेवून बोलू. बालकवींची 'औदुंबर', अवघ्या आठ ओळी:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गरदी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

चूक पहिली: अलंकाराचं नाव सांगून थांबणं

झाड माणसासारखं पाय सोडून बसलंय, म्हणजे चेतनगुणोक्ती. बरोबर. पण झाडाला माणूस करणाऱ्या ओळी मराठीत ढिगाने सापडतील; त्यातल्या बहुतेक आपण विसरतो आणि ही विसरत नाही. असं का?

उलट्या दिशेने निघा. कविता मोठ्याने वाचा, आपण कुठे थबकलो ते पाहा, मग मागे जाऊन कारण शोधा. इथे बहुतेक जण शेवटच्या ओळीवर थबकतात. आता मागच्या सात ओळी पुन्हा बघा. गाव आहे, चार घरं आहेत, शेतमळे आहेत, पायवाट आहे. माणसाच्या खुणा जागोजागी आहेत, पण माणूस एकही नाही. 'गरदी'सुद्धा हिरव्या शेतांची. पायवाट चालते आहे, पण तिच्यावरून कुणी चालत नाही. आणि इतक्या उशिरा जेव्हा पाय दिसतात, तेव्हा ते झाडाचे असतात.

क्रियापदंही बघा. झरा वाहतो, वाट पडते, चालते, काळिमा पसरतो. सगळ्यांच्या शेवटी एक जण 'बसला' आहे. ज्याच्यावर कविता आहे त्याचं नावसुद्धा अगदी शेवटचा शब्द म्हणून येतं, तोवर आपण त्याच्याकडे नेणारी वाट तुडवत असतो. चेतनगुणोक्तीचा परिणाम असा आधीच्या सात ओळींनी घडवलेला आहे. उत्तरात हे दोन वाक्यांत आलं, तर अलंकाराचं नाव कंसात टाकलं तरी पुरे.

चूक दुसरी: प्रतीकांचा ठरलेला कोश वापरणं

हिरवा म्हणजे समृद्धी, पांढरा म्हणजे शांती, काळा म्हणजे दुःख किंवा मृत्यू. हा कोश हाताशी ठेवून वाचलं की 'काळ्या डोहाकडे' जाणारी वाट लगेच मरणाची वाट होते. पण पुढच्याच ओळीत काळिमा 'गोड' आहे. या शब्दाचं काय करायचं? पुष्कळ उत्तरांत तो चक्क गाळला जातो.

इथे एक प्रयोग करून पाहा. 'गोड'च्या जागी 'गडद' ठेवा. दोन्ही शब्दांच्या मात्रा तीनच (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन), म्हणजे लय जराही बिघडत नाही. 'गडद काळिमा' छंदात बसला असता, अर्थही सोपा झाला असता. तरीही कवीने 'गोड' घेतला. आता ती ओळ भीती दाखवत नाही आणि निर्धास्तही करत नाही. आपण त्या पाण्याकडे ओढले जातो आणि बिचकतोही. अडलं की मला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते: एक शब्द बदला, पुन्हा वाचा, काय गेलं ते लिहा.

चूक तिसरी: कवीच्या चरित्राने कविता उलगडणं

बालकवी 5 मे 1918 रोजी जळगावजवळ भादली इथे रेल्वेखाली सापडून गेले. वयाची 28 वर्षंही पूर्ण झाली नव्हती. हे माहीत झालं की काळ्या डोहात त्यांचा मृत्यू दिसू लागतो, मन हळवं होतं, आणि आपण कवितेऐवजी बातमी वाचायला लागतो. चरित्र जरूर वाचा, पण कवितेवरचं मत बनवून झाल्यावर.

चूक चौथी: लय कानाने न ऐकणं, आणि शब्द 'सुधारणं'

'ऐल तटावर / पैल तटावर' – आठ मात्रा, पुन्हा आठ मात्रा. कविता या ठेक्यावर वाहते. मोबाइलवर टाइप करताना 'मधुनि'चं 'मधून' होतं; तीनाच्या चार मात्रा होतात आणि ओळ अडखळते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक समजून अशा ओळी दुरुस्त केलेल्या दिसतात, ते पाहून खरंच वाईट वाटतं. बहिणाबाई चौधरींच्या बाबतीतही तेच घडतं:

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर

'मियते'चं 'मिळते' केलं की अर्थ तोच राहतो, पण खानदेशातल्या चुलीपुढचा तो आवाज जातो. आणि ही उपमा उभी आहे ती त्या आवाजावर. तवा इथे शोभेसाठी आणलेला नाही. बोलणारीच्या हाताला तो रोज लागतो. म्हणून 'आधी' आणि 'तंव्हा' हा क्रम उपदेशासारखा कानाला टोचत नाही.

अलंकारांच्या नावांतला गोंधळ ही त्यामानाने किरकोळ चूक. 'जसा, सारखा' असेल तर बहुधा उपमा, 'जणू, गमे, वाटे' असेल तर उत्प्रेक्षा, दोन गोष्टी एकच मानल्या असतील तर रूपक. शंका राहिली तर नाव सोडून द्या आणि परिणाम लिहा.

शेवटची चूक दोन टोकांची आहे. एक टोक म्हणजे 'औदुंबर'चा एकच खरा अर्थ शोधणं, दुसरं म्हणजे 'ज्याला जे वाटेल ते' म्हणून हात झटकणं. तो विरक्त साधू वाटू शकतो. औदुंबराखाली दत्ताचं स्थान मानणाऱ्याला तर नक्कीच. पाण्यात पाय सोडून बसलेलं खोडकर पोरही वाटू शकतं. पण दोन्ही अर्थांना 'गोड'चा आणि 'असला'चा हिशेब द्यावा लागेल. जो अर्थ हे शब्द टाळून पुढे जातो, तो कितीही सुंदर मांडलेला असला तरी अजून कच्चा आहे. त्याला घेऊन पुन्हा सातव्या ओळीपाशी जा.