कुठलं जंगल आधी वाचवायचं? डीएनए बघून ठरवा

नुसती प्रजातींची यादी मोजत बसू नका, यादीतलं एक नाव म्हणजे खरंतर दोन वेगळे प्राणी असू शकतात. आफ्रिकन हत्तीचंच घ्या, जंगलातला वेगळा आणि सव्हानातला, म्हणजे गवताळ माळरानातला वेगळा हे डीएनएने पक्कं झालं, मग 2021 मध्ये आययूसीएनने (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) दोघांना वेगवेगळं तपासलं आणि जंगलातला थेट अतिसंकटग्रस्त निघाला.

डीएनए सॅम्पलसाठी दरवेळी प्राणी पकडायची गरज नाही. परमिशन मात्र आधी काढा. ताजी विष्ठा अल्कोहोलमध्ये, केस-पीस कोरड्या कागदी पाकिटात, आणि जीपीएस लोकेशन तिथल्या तिथे लिहा, नंतर लिहू म्हटलं की गेलंच. प्राण्यांमध्ये बहुतेकदा सीओआय नावाच्या जीनचा साधारण 650 बेसचा (म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा वाचून डेटाबेसशी जुळवतात. जुळला नाही म्हणजे लगेच नवी प्रजाती असं नाही हां, शरीररचना, आवाज, बाकीचे जीन्स पण बघावे लागतात.

मग डीएनएचे निकाल नकाशावर टाकून बघा कुठला गट एकटा पडलाय, तिथं कॉरिडॉर, म्हणजे जंगलं जोडणारा पट्टा आधी. इनब्रीडिंग (जवळच्या नात्यातलं प्रजनन) फारच झालं असेल तर बाहेरून प्राणी आणायचे, अमेरिकेतल्या फ्लोरिडा पँथरसाठी (हा प्यूमाचाच एक गट) 1995 मध्ये टेक्सासहून 8 माद्या आणल्या होत्या तसं. आणि दुर्मिळ प्रजातीचं अचूक लोकेशन कृपा करून पब्लिक करू नका, तस्कर पण रिपोर्ट वाचतात.