कीबोर्डपासून सिमच्या पिनपर्यंत : मोबाइलच्या उपयोगी युक्त्या

मोबाइलच्या युक्त्यांच्या लांबलचक याद्या सतत वाचनात येतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांतले फारसे काही आठवत नाही, कारण त्यांतल्या बहुतेक युक्त्यांची गरज वर्षातून एखाद्या वेळीच पडते. जी कृती आपण दिवसातून पन्नास वेळा करतो, तिच्यातला एखादा टप्पा कमी करणारी युक्ती मात्र दोन-तीन दिवसांत बोटांत बसते आणि मग सुटत नाही. म्हणून सुरुवात कीबोर्डपासून करावी, आणि एका वेळी एकच युक्ती अंगवळणी पाडावी.

टाइप केलेल्या मजकुरात मधेच चूक दिसली की आपण नेमक्या त्या जागी बोट टेकवण्याचा प्रयत्न करतो. कर्सर दोन अक्षरे अलीकडे किंवा पलीकडे जातो आणि शेवटी कंटाळून सगळा शब्दच पुसतो. त्याऐवजी जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, स्पेसबारवर बोट ठेवून ते न उचलता डावी-उजवीकडे सरकवावे, म्हणजे कर्सर हळूहळू त्या दिशेने सरकतो. आयफोनवर स्पेसबार क्षणभर दाबून धरला की कीबोर्डवरची अक्षरे नाहीशी होतात आणि सगळा कीबोर्ड लॅपटॉपच्या टचपॅडसारखा वापरता येतो.

मराठीत लिहिणाऱ्यांना या युक्तीचा विशेष लाभ होतो. समजा, ‘वीज’ ऐवजी ‘विज’ टाइप झाले. मराठी अक्षरांच्या कीबोर्डवर कर्सर ‘वि’ आणि ‘ज’ यांच्या मध्ये आणून बॅकस्पेस एकदाच दाबली, तर ‘व’ जागेवर राहतो आणि फक्त ऱ्हस्व वेलांटी जाते. मग दीर्घ वेलांटी दिली की काम झाले. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात आणि फोनमध्ये अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, व्यंजन आणि त्याला लागलेली वेलांटी ही दोन स्वतंत्र चिन्हे म्हणून साठवलेली असतात, म्हणून हे शक्य होते. उलट, मोठा मजकूर पुसायचा असेल तर जीबोर्डमध्ये बॅकस्पेसवर बोट ठेवून डावीकडे ओढावे; जितके ओढाल तितके शब्द निवडले जातात आणि बोट उचलताच पुसले जातात.

दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ वाचवणारी सोय म्हणजे स्वतःचे संक्षेप तयार करणे. जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये डिक्शनरी आणि त्यात पर्सनल डिक्शनरी असा पर्याय असतो. तिथे भाषा निवडून अधिकच्या चिन्हावर टॅप करावे, पूर्ण मजकूर लिहावा आणि त्याचा संक्षेप द्यावा. आयफोनवर हीच सोय सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड आणि टेक्स्ट रिप्लेसमेंट या वाटेने मिळते. घराचा पूर्ण पत्ता, ईमेल किंवा ‘आपला संदेश मिळाला, सायंकाळपर्यंत कळवतो’ यासारखे नेहमीचे वाक्य एकदा भरून ठेवले की तीन अक्षरांत निघते. संक्षेप म्हणून ‘पत्ता’ यासारखा रोजच्या वापरातला शब्द घेऊ नये, नाहीतर साध्या वाक्यातही पूर्ण पत्ता डोके वर काढतो; ‘पपप’ असे निरर्थक काहीतरी घ्यावे. पासवर्ड किंवा कार्डाचे क्रमांक मात्र इथे कधीही ठेवू नयेत, कारण उघड्या फोनवर ते कोणालाही दिसू शकतात.

याच सोयीचा एक उपयोग मी मुद्दाम सांगतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द अनेकजण ‘दुसर्या’ असा लिहितात, म्हणजे रफार ‘या’च्या डोक्यावर चढतो आणि शब्द चुकतो. तिथे नुक्त्याचा ‘ऱ’, मग पाय मोडण्याचे चिन्ह आणि मग ‘य’ असा क्रम लागतो, आणि घाईत तो ‘ऱ’ शोधणे जिवावर येते. अशा वेळी चुकीचे रूपच संक्षेप म्हणून द्यावे आणि बरोबर रूप पूर्ण मजकूर म्हणून भरावे. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘करणाऱ्या’, ‘येणाऱ्या’ असे आठ-दहा शब्द भरून ठेवले तरी आपले लेखन पुष्कळ नीटनेटके होते.

कीबोर्डबाहेरच्या सोयी थोडक्यात सांगतो. सेटिंग्जमध्ये काहीही हवे असेल तर मेनू धुंडाळत बसू नये. तिथल्या शोधचौकटीत शब्द लिहावा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पडद्याच्या वरच्या कडेवरून दोन बोटे खाली ओढली की वाय-फाय, ब्लूटूथ यांची बटणे एकदम पूर्ण उघडतात, आणि त्यांतले कोणतेही दाबून धरले की त्याच्या सेटिंग्ज समोर येतात. हातून चुकून उडालेले नोटिफिकेशन परत पाहायचे असेल तर अँड्रॉइड ११ पासून नोटिफिकेशन हिस्टरी ही सोय आहे. ती आधी सुरू करून ठेवावी लागते, म्हणून हे काम आजच उरकलेले बरे.

छायाचित्र काढताना खिडकीसमोर बसलेल्या माणसाचा चेहरा काळा येतो, कारण कॅमेरा बाहेरचा उजेड धरून हिशेब करतो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवले की फोकस आणि प्रकाश चेहऱ्याप्रमाणे ठरतो. बोट दाबून धरले तर बऱ्याच फोनवर ते तसेच कायम राहते. त्यानंतर शेजारी दिसणारे सूर्याचे चिन्ह सरकवून उजेड कमीजास्त करावा, आणि फोन हलू नये म्हणून पडद्यावरच्या गोलाऐवजी आवाजाच्या बटणाने छायाचित्र टिपावे.

काही समजुती मात्र सोडून द्याव्यात. अलीकडे वापरलेली सगळी ॲप दर थोड्या वेळाने सरकवून बंद केल्याने बॅटरी वाचत नाही. तेच ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडताना फोनला उलट जास्त काम पडते. अडकून बसलेले ॲप तेवढे बंद करावे. *३३७०# दाबले की बॅटरीचा राखीव साठा मिळतो, हेही खरे नाही. तो नोकियाच्या जुन्या फोनमध्ये आवाजाचा दर्जा वाढवण्याचा कोड होता आणि त्याने बॅटरी जास्तच खर्च होत असे.

जे कोड खरोखर उपयोगी आहेत ते डायलरमध्ये टाइप करायचे असतात. *#२१# ने आपले सगळे कॉल दुसऱ्या क्रमांकाकडे वळवलेले आहेत का ते कळते. फोनवर कोणी पाळत ठेवत आहे का, हे त्यावरून कळते असे सांगितले जाते, पण तसे काही कळत नाही. ##००२# ने सर्व प्रकारचे कॉल फॉरवर्डिंग रद्द होते. याउलट *२१* यानंतर एखादा क्रमांक आणि # दाबला की आपले कॉल त्या क्रमांकाकडे जाऊ लागतात. फसवणूक करणारे नेमके हेच आपल्याच हातून करवून घेतात, म्हणजे कॉलवर सांगितला जाणारा ओटीपी परस्पर त्यांच्याकडे पोहोचतो. अनोळखी माणसाने सांगितलेला चांदणीने सुरू होणारा कोणताही कोड दाबू नये.

*#०६# ने फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. फोन हरवल्यावर तो बंद पाडण्यासाठी हा क्रमांक लागतो, म्हणून तो फोनमध्ये न ठेवता कागदावर लिहून घरात ठेवावा. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहावेत.

शेवटची गोष्ट सिमच्या पिनची. पडद्याला कितीही कडक लॉक लावले तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो आणि आपले ओटीपी त्याच्या हाती पडतात. सिमला पिन लावला असेल तर तो टाकल्याशिवाय ते दुसऱ्या फोनमध्ये चालत नाही. सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘सिम लॉक’ किंवा ‘सिम पिन’ शोधून हा पिन सुरू करता येतो. मात्र सुरू करताना सिमचा मूळ पिन विचारला जातो आणि सलग तीनदा चुकल्यास सिम अडकते, म्हणून अंदाजाने आकडे टाकू नयेत. मूळ पिन आणि अडकलेले सिम उघडणारा ८ अंकी पीयूके क्रमांक सिम देणाऱ्या कंपनीकडून आधी घ्यावा. पीयूके १० वेळा चुकला तर ते सिम कायमचे निकामी होते. मूळ पिन बदलून स्वतःचा ठेवावा, पीयूके आयएमईआयच्या कागदावरच लिहावा, आणि फोन एकदा बंद करून पुन्हा चालू करताना पिन विचारला जातो ना, हे पाहून घ्यावे.