सॉल्व्हंट असलेले सांडपाणी एरेशन टाकीत घेण्यापूर्वी

विदर्भाच्या सोयाबीन पट्ट्यातील तेल कारखान्यांत तेल काढण्यासाठी हेक्झेन हे सॉल्व्हंट (द्रावक) वापरले जाते आणि ते सांडपाण्यात उतरले की त्याचा पहिला फटका ईटीपीतील (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील) जिवाणूंना बसतो. हेक्झेन, टोल्युइन यांसारखी सॉल्व्हंट जिवाणूच्या पेशीपटलातील स्निग्ध थरात शिरतात, पटल गळके होते आणि श्वसन मंदावते. हेक्झेन पाण्यात लिटरमागे जेमतेम 10 मिलिग्रॅम विरघळते व उरलेले वर तरंगते. म्हणून तो थर सेपरेटरमध्येच काढून घ्यावा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असून सहज पेट घेते, त्यामुळे खड्ड्याजवळ ठिणगी उडेल असे कोणतेही काम करू नये.

एरेशन टाकीत हवा सोडणारा ब्लोअर तेवढाच चालू असताना डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मीटरचा आकडा अचानक वाढला, तर अनेक ऑपरेटर समाधान मानतात. प्रत्यक्षात तो धोक्याचा इशारा असू शकतो, कारण गाळाने, म्हणजे टाकीतील जिवाणूंच्या साक्याने, ऑक्सिजन घेणेच कमी केलेले असते. अशा वेळी सूक्ष्मदर्शकाखाली देठावरचे व्हॉर्टिसेला हे एकपेशीय जीव पाहावेत. एरवी झटक्यात आखडणारे त्यांचे देठ निश्चल दिसतात.

संशयित पाणी टाकीत घेण्यापूर्वी पुढील चाचणी उघड्या, हवेशीर जागी करावी. टाकीतील ताज्या गाळात थोडे घरगुती सांडपाणी खाद्य म्हणून मिसळून त्याला भरपूर हवा द्यावी. पाणी 35 अंशांवर असेल तर डीओ लिटरमागे सुमारे 7 मिलिग्रॅमच्या वर जाणार नाही. मग 300 मिलीच्या बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी मोजण्याच्या) बाटल्यांत 5, 10 आणि 20 टक्के संशयित पाणी व उरलेला गाळ काठोकाठ भरावा, एका बाटलीत त्याऐवजी साधे पाणी घ्यावे आणि गाळ हलता ठेवून दर अर्ध्या मिनिटाला डीओ नोंदवावा. साध्या पाण्याच्या तुलनेत डीओ उतरण्याचा वेग निम्मा झाला, तर ते पाणी विषारीच समजावे. मी तर वेग चतुर्थांशाने घटला तरी ते रोखून धरीन. अर्ध्या तासाच्या संपर्कानंतर पुन्हा मोजावे, मात्र तोवर हवेबरोबर बरेच सॉल्व्हंट उडून गेलेले असते, हे ध्यानात ठेवावे.

गाळ आधीच बाधित झाला असेल, तर येणारे पाणी राखीव टाकीत वळवावे, गाळ बाहेर काढणे थांबवावे आणि टाकीत सक्रिय कोळशाची भुकटी टाकावी. गावाकडे अशा वेळी शेण ओततात. पण त्यातील बहुतेक जिवाणू हवेविना जगणारे असतात, म्हणून चालू ईटीपीचा जिवंत गाळ आणणे केव्हाही चांगले. नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करणारे, जिवाणू सर्वांत नाजूक असतात आणि थंडीत फारच हळू वाढतात. म्हणून अमोनिया पूर्ववत होईपर्यंत पाण्याचा भार थोडाथोडाच वाढवावा.