स्पिन द्रवाचा दावा करण्यापूर्वी नमुना कसा तपासावा

एखाद्या पदार्थात क्वांटम स्पिन द्रव (अणूंचे इवले चुंबक, म्हणजे स्पिन, अतिथंड असतानाही ठरावीक रचनेत न गोठता हलत राहतात ती अवस्था) आहे, असे खात्रीने सांगणारे एकच मापन आज उपलब्ध नाही. शेजाऱ्याच्या उलट दिशा धरू पाहणारे तीन स्पिन त्रिकोणाच्या टोकांवर बसवले की तिसऱ्याची कोंडी होते. अशा कोंडीमुळे स्पिन कितीही थंड केले तरी ठरावीक रचनेत गोठणार नाहीत, ही कल्पना फिलिप अँडरसन यांनी १९७३ मध्ये त्रिकोणी जालकासाठी, म्हणजे अणूंच्या त्रिकोणी मांडणीसाठी मांडली. अडचण अशी की ‘गोठले नाहीत’ हा नकारार्थी पुरावा आहे आणि अशुद्ध किंवा विस्कळीत नमुनाही नेमका तसाच पुरावा देऊ शकतो. म्हणून पहिला संशय नेहमी नमुन्यावर घ्यावा.

उदाहरणासाठी हर्बर्टस्मिथाइट हे खनिज घेऊ. त्याच्या प्रयोगशाळेतल्या निर्मितीचे काम २००५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतून प्रसिद्ध झाले. त्यात तांब्याचे अणू कागोमे जालकात, म्हणजे टोकाला टोक लावलेल्या त्रिकोणांच्या थरांत असतात आणि दोन थरांच्या मध्ये अचुंबकीय जस्त असते. तांबे आणि जस्त आवर्तसारणीत शेजारी असल्यामुळे साध्या क्ष-किरण विवर्तनात त्यांची जागा जवळजवळ ओळखता येत नाही. न्यूट्रॉनांना हा फरक बऱ्यापैकी दिसतो (मुंबईत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवरही पावडर नमुन्यांचे न्यूट्रॉन विवर्तन करता येते), पण खरा निवाडा सिंक्रोट्रॉन या तीव्र क्ष-किरण देणाऱ्या कणत्वरकावर, क्ष-किरणांची ऊर्जा त्या त्या मूलद्रव्याच्या शोषण-सीमेजवळ (जेथे त्याचे शोषण एकदम वाढते तेथे) ठेवून केलेल्या मापनाने झाला. २०१० मधील या मापनानुसार कागोमे थरात जस्त शिरलेले नाही, मात्र जस्ताच्या सुमारे १५ टक्के जागा तांब्याने बळकावल्या आहेत. ही टक्केवारी हाती नसेल, तर पुढच्या कोणत्याही आलेखाचा अर्थ लावू नये.

त्यानंतर चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे बाह्य चुंबकीय क्षेत्राला नमुना किती प्रतिसाद देतो ते मोजावे. ग्रहणशीलता तापमानानुसार कशी बदलते हे सांगणाऱ्या क्युरी-वाइस नियमातून मिळणारे तापमान आणि स्पिनांचा प्रत्यक्ष क्रम लागण्याचे तापमान यांचे गुणोत्तर जितके मोठे, तितकी कोंडी तीव्र. हर्बर्टस्मिथाइटमध्ये पहिले तापमान उणे ३०० केल्विनच्या आसपास येते (उणे चिन्ह शेजारी स्पिन उलट दिशा धरू पाहतात एवढेच सांगते), तर ५० मिलिकेल्विनपर्यंतही क्रम लागत नाही. येथे एक खबरदारी घ्यावी: हा नियम क्युरी-वाइस तापमानाच्या (चिन्ह सोडून) बराच वर लागू पडतो, त्यामुळे ३०० केल्विनला थांबणाऱ्या मापनावर सरळ रेषा बसवून काढलेला आकडा अंदाजापलीकडे धरू नये. कमी तापमानाला वर उसळणारी ग्रहणशीलताही बहुतांशी जस्ताच्या जागी बसलेल्या तांब्याची असते. ती वजा करण्यापेक्षा ऑक्सिजन-१७ या समस्थानिकावर एनएमआर (अणुकेंद्रकांचे चुंबकीय अनुस्पंदन) करणे अधिक विश्वसनीय, कारण त्यात थरातील स्पिनांचा प्रतिसाद वेगळा दिसतो. निसर्गात हे समस्थानिक केवळ ०.०३८ टक्के असल्याने नमुना मुद्दाम समृद्ध करून घ्यावा लागतो. आणि तरीही मतभेद संपत नाहीत: २०१५ च्या एनएमआर अभ्यासाने उत्तेजनांमध्ये ऊर्जा-अंतर, म्हणजे उत्तेजनासाठी लागणारी किमान ऊर्जा, आहे असे म्हटले, २०२० च्या अभ्यासाने ते नाही असे म्हटले.

नमुना स्पिन-काच (ज्यात स्पिन अस्ताव्यस्त दिशांत गोठतात) नाही ना, हे पाहण्यासाठी प्रत्यावर्ती क्षेत्रातील ग्रहणशीलता अनेक वारंवारतांवर मोजावी. शिखर वारंवारतेबरोबर सरकले तर काचेचा संशय बळावतो. म्यूऑन ही त्याहून सूक्ष्म चाचणी आहे: हे अल्पायुषी कण नमुन्यात रोवून त्यांच्या स्पिनांची दिशा कशी विस्कटते, म्हणजे त्यांचे शिथिलन, पाहतात. बाह्य क्षेत्राशिवाय शिथिलन दिसले, एवढ्यावर थांबू नये. म्यूऑनच्या स्पिनला समांतर क्षेत्र लावून ते वाढवत न्यावे: आतील क्षेत्र स्थिर असेल तर त्याच्या काही पट बाह्य क्षेत्राने शिथिलन नाहीसे होते, आणि तरीही ते टिकले तर स्पिन खरोखरच हलत आहेत.

विशिष्ट उष्माधारकतेसाठी तशाच रचनेचे अचुंबकीय संयुग संदर्भ म्हणून मोजून जालकाच्या कंपनांचा वाटा वजा करावा. स्पिनांमधील आंतरक्रिया १९० केल्विनच्या घरात असेल तर वरच्या तापमानाला कंपने सारे झाकून टाकतात, त्यामुळे स्पिनांची पूर्ण एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) हाती लागेल ही अपेक्षा ठेवू नये.

न्यूट्रॉन स्कॅटरिंगचे (नमुन्यावरून विखुरलेल्या न्यूट्रॉनांचे) चित्र सर्वांत देखणे आणि म्हणूनच सर्वांत फसवे. क्रमबद्ध चुंबकात स्पिन-लहरींच्या रेखीव रेषा दिसतात. द्रवात मात्र स्पिनची उलटापालट दोन स्पिनॉनांत (स्वतंत्रपणे फिरणाऱ्या अर्ध्या-अर्ध्या उत्तेजनांत) विभागली जाते आणि संकेत पसरट होतो. हर्बर्टस्मिथाइटच्या एकल स्फटिकांत, हायड्रोजनचा अडथळा टाळण्यासाठी ड्युटेरियम वापरून, हा पसरट संकेत २०१२ मध्ये नोंदवला गेला. परंतु २०१६ मध्ये यटर्बियम, मॅग्नेशियम आणि गॅलियमच्या ऑक्साइडमध्येही तो दिसला, आणि तेथे मॅग्नेशियम व गॅलियम एकमेकांच्या जागी कसेही बसलेले असतात. मॅग्नेशियमऐवजी जस्त असलेल्या त्याच्या भावंडात पुढे काचेसारखे गोठणे आढळले. पसरट संकेत आवश्यक म्हणावा, पुरेसा नव्हे.

उष्णतावहनाचे मापन एकाच स्फटिकावर उरकू नये. पॅलेडियमच्या एका सेंद्रिय क्षारात २०१० मध्ये धातूसारखे उष्णतावहन नोंदवले गेले होते. २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांना ते दिसले नाही, आणि नमुना किती वेगाने थंड केला याकडे बोट दाखवले गेले. तेव्हा शक्य असेल तेथे सर्व मापने एकाच बॅचवर करावीत, थंड करण्याचा वेग प्रत्येक आलेखाखाली लिहावा आणि दुसरी बॅच वेगळ्या हातांनी बनवून घ्यावी.